आतल्या बाजूने ८२° चा काउंटरसिंक: सहा भोकांसाठी बनवलेला उलटा कटर

मशीन अमेरिकन बनावटीचं, जुनं. गिअरबॉक्सची पेटी बीडाची, भिंत १२ मिमी जाड. भिंतीला बाहेरून एक ब्रॅकेट बसतो आणि त्यात पाव इंची, इंचाला २० आट्यांची (१/४-२० यूएनसी) सहा टॅप केलेली भोकं आहेत. स्क्रू मात्र आतून येतात: पेटीतून भिंतीपार, बाहेरच्या ब्रॅकेटमध्ये. आत भिंतीपासून दीड मिमीवर गिअर फिरतो, त्यामुळे स्क्रूचं डोकं भिंतीत पूर्ण बुडालेलं हवं. दुरुस्तीत ब्रॅकेटची जागा बदलली, जुनी भोकं बाद झाली आणि नवी सहा पाडायची वेळ आली. गिअर आणि शाफ्ट बाहेर काढले तरी पेटीत शिरायला ९० × ७० मिमीची एक खिडकी तेवढी आहे. हात जातो, ड्रिल जात नाही.

भोकं बाहेरून पाडणं हे सरळ काम. अडचण आतल्या काउंटरसिंकची, म्हणजे स्क्रूचं डोकं बुडवायला भोकाच्या तोंडाशी कापायच्या शंकूसारख्या खड्ड्याची आहे आणि ती दुहेरी आहे. एक, कोन नेहमीचा नाही. दोन, कटर भिंतीच्या पलीकडच्या बाजूला असताना त्याला अलीकडून फिरवायचं आहे. या दोन्ही गोष्टी एकाच हत्यारात जमवणं हा या प्रकरणाचा विषय.

आधी कोन. मेट्रिक काउंटरसंक स्क्रूचा कोन ९०° असतो. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ आणि बीए स्क्रूंचाही ९०°च, म्हणून इंग्लंडहून आलेल्या जुन्या लेथवर काम करताना हा प्रश्न कधी उभा राहत नाही. अमेरिकन इंची स्क्रू मात्र ८२° चे. विमानाच्या पातळ पत्र्यासाठी १००°, पत्र्याच्या काउंटरसंक ब्लाइंड रिव्हेटसाठी बहुधा १२०°, लेथच्या सेंटरसाठी ६०°. डोळ्यांना ८२ आणि ९० मधला फरक कळत नाही, आणि म्हणूनच चूक होते. खात्री करायची सोपी रीत: एक स्क्रू डोक्याखाली कापायचा आणि उरलेला शंकू गुण्याच्या आतल्या कोपऱ्यात उजेडासमोर धरायचा. ९०° चा शंकू दोन्ही पात्यांना चिकटतो. ८२° चा एका पात्याला चिकटला की दुसऱ्याकडून पाचरीसारखी उजेडाची फट दिसते.

८२° चा स्क्रू ९०° च्या खड्ड्यात बसवला तर काय होतं? भोक ६.८ मिमीचं धरू. डोकं फक्त खड्ड्याच्या तळाच्या कडेवर टेकतं. तिथून वर प्रत्येक मिमीला स्क्रूची त्रिज्या ०.८७ मिमीने वाढते आणि खड्ड्याची १ मिमीने. पावणेचार-चार मिमी वर, डोक्याच्या काठाशी, चारी बाजूंनी जवळजवळ अर्धा मिमी पोकळी राहते. स्क्रू आवळताना सगळा दाब त्या तळाच्या धारेवर येतो. बीड तिथे चुरतं, डोकं थोडं खाली जातं, ताण सैल होतो. गिअरबॉक्सच्या कंपनात असा स्क्रू ढिला होणार हे नक्की. आणि इथे ढिला झालेला स्क्रू सरळ गिअरच्या दातांत जातो. उलट, ९०° चा स्क्रू ८२° च्या खड्ड्यात घातला तर तो फक्त वरच्या काठावर टेकतो आणि खाली पोकळ राहतो. तेही वाईटच.

मग स्क्रूच बदलावेत का? एम६ बसत नाही: पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी, ब्रॅकेटमधलं भोक एम६ साठी आधीच मोठं. एम८ साठी ६.८ मिमीने भोक वाढवून नवा टॅप मारता येतो, पण तेवढ्या मोठ्या भोकाला ब्रॅकेटमध्ये कडेला पुरेसं मटेरियल उरत नाही. तिसरी सूचना नेहमी येते ती अशी की स्क्रूचं डोकं लेथवर धरून ८२ चं ९० करावं. कार्बाइडने ते कापलं जाईलही. पण त्यात मटेरियल निघतं ते डोक्याच्या मानेपासून, म्हणजे ५/३२ इंच ॲलन-कीच्या खळग्याचा तळ आणि दांडा यांच्या मधून. स्क्रूमधली सगळ्यात पातळ जागा तीच. गिअरबॉक्समध्ये असा स्क्रू वापरू नये.

विकत घ्यायच्या वाटाही पाहून घ्याव्यात. मुंबईत नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्यात बोहरी आळी पालथी घातली तर ९०° कुठेही मिळतो, ६०° आणि १२०° विचारल्यावर निघतात, ८२° क्वचित. अमेरिकन कंपन्यांच्या यादीत, म्हणजे केईओ, वेल्डन, सेव्हरन्स यांच्याकडे, ८२° हा रोजचा माल आहे आणि मागवला तर येतो. समोरून मारायची भोकं असती तर तोच घ्यावा, बनवत बसू नये. पण हे सगळे समोरून कापणारे. मागून कापणारी तयार हत्यारंही असतात. स्विस हॉयलेसारख्या कंपन्या भोकातून आत गेल्यावर पातं बाहेर काढणारी हत्यारं बनवतात. ती रोज शेकडो भोकं करणाऱ्या लाइनसाठी आहेत आणि सहा भोकांसाठी तो खर्च निघत नाही.

दोन जुगाड मुद्दाम टाळले. पहिला, ड्रिलला ८२° ची धार लावणं. ड्रिलच्या खाचेचा आकार ११८° ला धार सरळ यावी असा ठरवलेला असतो. कोन खूप बदलला की धार बाकदार होते आणि खड्ड्याची भिंतही बाकदार. शिवाय खाचेच्या पिळामुळे ड्रिल मटेरियलमध्ये ओढला जातो आणि थरथरतो. दुसरा, छोट्या अँगल ड्रिलने खिडकीतून हाताने मारणं. खड्डा तिरका होतो, डोकं एका बाजूने टेकतं, मग पुन्हा तीच कथा.

ठरलं ते असं: भोकातून जाणारा बार, आणि भिंतीच्या आतून त्यावर हाताने चढवायचा सुटा कटर. वरून बार फिरवायचा आणि वर ओढायचा. बार भोकातच मार्गदर्शन घेतो, त्यामुळे खड्डा भोकाशी आपोआप एकमध्य येतो.

मापं स्क्रूवरून निघतात. पाव इंची ॲलन काउंटरसंक स्क्रूच्या डोक्याचा तीक्ष्ण कडेपर्यंतचा व्यास जास्तीत जास्त ०.५३१ इंच, म्हणजे १३.४९ मिमी. प्रत्यक्ष डोक्याची कड बोथट असते, तरी हिशेब याच आकड्यावर करायचा. खड्डा १३.५ मिमीचा केला तर डोकं पृष्ठभागाशी सपाट येतं. ८२° च्या शंकूत खोली १ मिमी वाढली की व्यास १.७४ मिमी वाढतो. डोकं ०.२ मिमी खाली हवं, म्हणून खड्ड्याचा व्यास १३.८५ मिमी धरला आणि कटर १५ मिमीचा.

आधी भोक, मग बार. हा क्रम महत्त्वाचा आहे. ६.८ मिमीचा ड्रिल घेतला, कारण एम८ टॅपसाठी तो प्रत्येक शॉपमध्ये असतो आणि पाव इंची स्क्रूला तो पुरेसा घट्ट आहे. पण ६.८ चा ड्रिल बीडात ६.८५ किंवा ६.९ चं भोक पाडू शकतो. त्याच ड्रिलने बीडाच्या तुकड्यात भोक पाडून ते मोजायचं आणि बार त्याहून ०.०३ ते ०.०५ मिमी लहान ठेवायचा. सैल बार हे थरथरीचं पहिलं कारण.

बार ८ मिमी ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) रॉडचा, ११४ मिमी लांब. वरचा ४० मिमी भाग ८ मिमीचाच, कोलेटमध्ये धरायला. खाली भोकाच्या मापाचा गुळगुळीत भाग ६० मिमी. त्याच्या टोकाला ५ मिमी व्यासाचा ६ मिमी लांब साधा भाग आणि पुढे ८ मिमी एम५ चे आटे. हा मधला साधा भाग विसरू नये. आटे कटरला आवळून धरतात, पण मध्यावर आणत नाहीत. ते काम हा ५ मिमीचा भाग करतो. बार मऊच ठेवला. सहा भोकांत तो झिजत नाही, आणि कडक केलेला बार आट्यांच्या मुळाशी कड्कन तुटतो.

कटर १६ मिमी ओएचएनएसचा. एकाच सेटिंगमध्ये दोन बनवावेत, कारण बीडाच्या कच्च्या कातडीवर पहिली धार कशी टिकेल याची हमी नसते. चकमध्ये धरून बाहेरचा व्यास १५ मिमी, मग ४.२ मिमीचं आरपार भोक, समोरून ४.९ ने ६ मिमी खोल, त्यावर ५ मिमी एच७ (अचूक मापाचा) रीमर, आणि उरलेल्या भागात एम५ टॅप. त्याच पकडीत शंकू कापायचा. चकमधून काढून पुन्हा धरू नये, नाहीतर भोक आणि शंकू एका अक्षावर राहणार नाहीत.

शंकूसाठी कंपाउंड स्लाइड अक्षापासून ४१° वर. इथे एक ठरलेली फसगत आहे: बऱ्याच लेथवर कंपाउंडची शून्य रेषा क्रॉस स्लाइडशी जुळलेली असते. तिथे ४१ लावलं की अक्षापासून ४९° येतो आणि शंकू ९८° चा होतो. अंशांच्या खुणांवर विसंबण्यापेक्षा डायलने (काट्याच्या मापकाने) पाहावं. चकमध्ये सरळ गोल रॉड धरा, डायल कंपाउंडवर बसवा, टोक रॉडच्या बाजूला काटकोनात लावा. कंपाउंड बरोबर १० मिमी सरकवल्यावर डायलने ६.५६ मिमी दाखवायला हवं. लेथचं टूल अचूक सेंटरला हवं. वरखाली असेल तर शंकूची बाजू सरळ न येता बाकदार येते.

शंकू ६.८ पासून १५ मिमीपर्यंत, म्हणजे अक्षावर ४.७ मिमी लांब. कटरची एकूण लांबी १४ मिमी. मागच्या टोकाला १३ मिमी पान्याचे दोन सपाट काप. ते लागणार आहेत, का ते पुढे येईल.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा: दाताची दिशा. नेहमीचा काउंटरसिंक टोकाकडून पाहिला तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. या कटरचे दात मात्र स्पिंडलकडे (मशीनच्या फिरणाऱ्या दांड्याकडे) तोंड करून आहेत. स्पिंडल सरळ फिरत असताना दातांकडे पाहिलं तर कटर काट्यांच्या दिशेने फिरतो. सवयीने नेहमीसारखा दात कापला की धारेची पाठ पुढे येते, आणि मशीनवर लावल्यावर कटर कापत नाही, नुसता घासतो. यावर कुणी सुचवेल की स्पिंडल उलटा फिरवा. तेही चालणार नाही. सरळ फिरताना कापण्याचा विरोध उजव्या आट्यांना आवळत जातो. उलटा फिरवला की तोच विरोध कटर सोडवतो आणि कटर पेटीत पडतो. म्हणून मिलिंगला लावण्याआधी कटर बारवर चढवावा, बार डोळ्यांसमोर वरून काट्याच्या दिशेने फिरवून पाहावा आणि शंकूवर मार्करने बाण काढावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दात एकच. बार पक्का आधार देत असल्याने एकदाती कटर इथे दोनदातीपेक्षा शांत चालतो, कारण कापण्याचा जोर एका बाजूला पडून बारला भोकाच्या भिंतीशी दाबून ठेवतो. शंकूचा पाव भाग मिलिंगने काढून टाकायचा. धारेची बाजू अक्षातून जाणाऱ्या पातळीत, म्हणजे रेक शून्य. बीडाला हेच हवं. खाचेच्या तळाशी अर्धा मिमीची गोलाई ठेवायची. टोकदार कोपरा पाणी देताना (तापवून, तेलात बुडवून कडक करताना) चिरतो.

मग रिलीफ. धारेमागचा शंकू बारीक कानशीने ६ ते ८° उतरवायचा, पण धारेलगत ०.२ मिमीची चकचकीत पट्टी सोडून. ती पट्टी मूळ कोनाची खूण आहे. तिला कानस लागली तर ८२° गेला. शंकूवर निळा (खुणेसाठीचा निळा रंग) लावून कानस मारली की पट्टी कुठे उरली ते स्पष्ट दिसतं. रिलीफ जास्त दिला तर धार पातळ होते आणि कटर मटेरियलमध्ये झेप घेऊन थरथरतो, खड्ड्यात पैलू पडतात. कमी दिला तर घासतो. पाणी दिल्यावर ही पट्टी ऑइलस्टोनने केसभर उरेपर्यंत उतरवायची.

पाणी देताना आट्यांत ओली माती भरून टाकावी, म्हणजे तेल आत उसळत नाही आणि ५ मिमीच्या भोकाभोवतीची पातळ भिंत तडकत नाही. भोवताली बोरॅक्सचा लेप, खपली धरू नये म्हणून. भट्टी असेल तर सुमारे ८००°, सगळा तुकडा तापल्यावर पंधरा मिनिटं. भट्टी नसेल तर गॅस टॉर्च आणि लोहचुंबक: चुंबक चिकटायचं थांबलं की त्याहून थोडं पुढे, चेरी लाल. नारिंगीकडे गेलं तर दाणा मोठा होतो आणि धार ठिसूळ. कोमट तेलात उभा बुडवून हलवत राहायचं. हाताला सोसेल इतका गार झाला की लगेच ओव्हनमध्ये २००° ते २२०° वर एक तास. रात्रभर टेंपर न करता ठेवलेला कटर सकाळी तडकलेला मिळू शकतो. घासून चकचकीत केलेल्या जागेवर फिका पिवळा रंग आला की झालं. धारेवर कानस सरकली पाहिजे, चावता कामा नये.

पेटीला हात लावण्याआधी तुकड्यावर चाचणी. १२ मिमी बीडाच्या तुकड्यात ६.८ चं भोक, आणि उलट्या कटरने मागून खड्डा. स्क्रूच्या डोक्याला निळ्याचा अगदी पातळ थर द्यायचा, खड्ड्यात बसवून पाव फेरा फिरवून काढायचा. निळा फक्त वरच्या काठावर उमटला तर खड्ड्याचा कोन लहान आहे. फक्त तळाशी उमटला तर मोठा. वरपासून खालपर्यंत थोडा तुटक पण सगळीकडे उमटला तर कोन बरोबर. अमेरिकन मानकात स्क्रूच्या डोक्याला ८० ते ८२° ची मुभा आहे, म्हणून खालच्या दोनतृतीयांश भागात निळा आला तरी चालतं. अगदी तळाच्या धारेवरच आला तर कटर पुन्हा घासावा.

कामासाठी ड्रिल मशीन घेतलं नाही, टरेट मिलिंग घेतलं. कारण कापताना सगळा ओढा खाली, चकमधून बार उपसून काढण्याकडे असतो. ड्रिल मशीनचा चक नुसत्या टेपरवर टिकलेला असतो आणि मागे ओढताना तो निसटतो. मिलिंगचा कोलेट ड्रॉबारने (वरून ओढून धरणाऱ्या दांड्याने) बांधलेला असतो. पेटी टेबलावर बाहेरची भिंत वर करून क्लँप केली, भिंत डायलने समतल केली, आणि सहाही भोकं त्याच सेटिंगमध्ये पाडली.

मग एकेका भोकाची पाळी. बार खाली सोडायचा, स्पिंडल बंद. खिडकीतून हात घालून कटर आट्यांवर चढवायचा आणि खांद्याला टेकेपर्यंत बोटांनी आवळायचा. आट्यांवर ग्रीसचा थेंब. हात बाहेर, मगच स्पिंडल. हा नियम मोडायचा नाही. मशीनच्या स्टॉप बटणापाशी दुसरा माणूस ठेवू नये, ज्याचा हात आत जातो त्यानेच मशीन चालवावं. वेग १२० ते १५० फेरे. १४ मिमी व्यासाला तो मिनिटाला साधारण सव्वापाच ते साडेसहा मीटर येतो आणि ओएचएनएसला तेवढा पुरे. क्विल (स्पिंडलची वरखाली होणारी नळी) हाताने हळू वर. कटर भोकाच्या कडेला टेकला तिथे शून्य धरलं, तर १३.८५ मिमी व्यासासाठी क्विल ४.०५ मिमी वर यायला हवी.

पण त्या आकड्यावर एका दमात जाऊ नये. आतली भिंत ओतीव, खरबरीत. एका भोकापाशी पाव-अर्धा मिमी फुगीर, दुसऱ्यापाशी दबलेली. म्हणून ३.५ मिमीवर थांबून, स्पिंडल बंद करून, कटर काढून, स्क्रू आतून घालून पाहावा. लहान पोलादी पट्टी डोक्यावर आडवी ठेवली आणि ती डोक्यावर डुगडुगली की अजून कापायचं आहे. पट्टी भिंतीवर टेकली आणि डोक्याखाली ०.२ चा फीलर शिरला की तिथे थांबायचं. पहिला स्पर्श कच्च्या कातडीवर होतो आणि तिच्यात ओतकामाच्या साच्याची वाळू असते. भोकाच्या आतल्या कडेला आधी अर्धगोल कानशीने हाताने फेरा मारून ती कातडी मोडली तर धार बरीच टिकते.

कटर काढताना पाना लागतोच. कापताना आटे स्वतःहून आवळले जातात आणि बोटांनी सुटत नाहीत. त्यासाठीच ते १३ मिमीचे काप. पाना लावताना दुसऱ्या हाताने वर स्पिंडल धरावा. स्पिंडल उलटा चालू करून कटर सोडवायचा मोह झाला तर कटर पेटीच्या तळाशी शोधावा लागतो.

बीड कोरडंच कापायचं. तेल घातलं की भुगा आणि तेल यांचा लगदा होऊन तो बार आणि भोक यांच्यामध्ये अडकतो आणि बार जाम होतो. पण कोरडा भुगा बेअरिंगमध्ये गेला तर आणखी वाईट, म्हणून बेअरिंगच्या जागा ग्रीस लावलेल्या फडक्याने बंद केल्या आणि शेवटी भुगा व्हॅक्यूमने ओढला. कॉम्प्रेसरची हवा मारू नये. भुगा नेमका नको तिथे जाऊन बसतो.

याच रचनेने मोठे आकार सहज होतात. ५/१६ इंचाच्या डोक्याचा तीक्ष्ण व्यास १६.६६ मिमी, ३/८ चा १९.८४ मिमी; बार जाड होतो, आटे अनुक्रमे एम६ आणि एम८ चालतात, बाकी सगळं तेच. १० नंबरच्या स्क्रूला मात्र (डोकं १०.४४ मिमी) ही रीत पुरत नाही. भोक जेमतेम ५ मिमीचं, त्यात एम३ चे आटे येतात आणि एकदाती कटरचा झटका ते सोसत नाहीत. तिथे कटर मशीनने न फिरवता बारच्या वरच्या टोकाला टॅप-हँडल लावून हाताने फिरवावा आणि एका फेऱ्यात जेमतेम भुरका निघेल इतकाच वर ओढावा.